कापूस विकला आणि आवाज बदलला

दिवाळीला पंधरा दिवस उरले की माझ्या दुकानात एक प्रश्न रोज येतो. "भाऊ, टीव्हीला फाइव्ह पॉइंट वन लावायचाय. पंधरा हजारांच्या आत बसवा. कोणता घेऊ?" विचारणारा कधी जळगावातलाच एखादा शिक्षक असतो, कधी यावल-रावेरकडचा केळीवाला, कधी नुकती नोकरी लागलेला मुलगा. आईवडिलांना घरबसल्या थिएटरसारखा आवाज ऐकवायचा, ही त्याची हौस. माझं उत्तर गेल्या काही वर्षांत ठरून गेलंय. मी म्हणतो, "तुमच्या ओळखीत कुणाच्या घरी असा सेट दोन मे महिने चाललाय का ते बघा. त्यांना विचारून या. मग आपण बोलू."

मे महिनाच का, हे खानदेशात राहणाऱ्याला समजावून सांगावं लागत नाही. बाहेर पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. स्लॅबच्या घरात दुपारी तीन वाजता पंख्याची हवाही तोंडावर गरम येते. त्यात ॲम्प्लिफायर ठेवलेला असतो शोकेसमध्ये, समोर काच, मागे भिंत, वर सेटटॉप बॉक्स आणि त्यावर क्रोशाचा रुमाल. आतल्या आउटपुटच्या हीटसिंकला श्वास घ्यायला जागा नाही. दिवाळीत घेतलेला सेट नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम चालतो आणि मालक गावभर सांगत सुटतो की घ्यायचा तर हाच घ्या. मी ते मत खोटं म्हणत नाही, पण ते थंडीतलं मत आहे. इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सरचा साधा हिशोब असा, की तापमान दर १० अंशांनी वाढलं तर त्याचं आयुष्य निम्मं होतं. जो सेट दुसऱ्या ठिकाणी आठ वर्षं टिकेल, तो आपल्याकडे काच लावून कोंडला तर दोन-तीन वर्षांत बोलायला लागतो. आधी बारीक घरघर, मग एक चॅनल दबका, मग एक दिवस सगळंच बंद.

मी आयटीआयला रेडिओ-टीव्ही मेकॅनिकचा ट्रेड केला आणि धुळ्याला आग्रा रोडच्या एका गल्लीत उस्तादांच्या हाताखाली लागलो. चार वर्षं तिथे काढली, मग २००८ मध्ये जळगावला स्वतःचं टेबल मांडलं. अजूनही पंधरा दिवसांतून एकदा एरंडोल-पारोळा करत धुळ्याला जातो. तिथली जुनी गिऱ्हाइकं आहेत, दोन दुकानांचं काम आहे. त्यामुळे दोन्ही शहरांतल्या, आणि मधल्या सगळ्या गावांतल्या, मालकांचं बोलणं कानावर पडत आलंय. लोक मला मत सांगतात ते दोनदा, एकदा घेतल्यावर आणि एकदा बिघडल्यावर. या दोन्ही वेळची मतं कच्ची असतात, असं मला वाटतं. मधल्या काळात, सेट नुसता घरात पडून रोज वाजत असताना, कुणी कुणाला विचारत नाही. तेव्हाचं मत खरं.

उस्तादांनी मला पहिल्या महिन्यातच वॅट वाचायला शिकवलं. एका ॲम्प्लिफायरच्या तोंडावर सोनेरी अक्षरांत १००० वॅट लिहिलेलं होतं. त्यांनी झाकण उघडलं आणि ट्रान्सफॉर्मरवरची चिठ्ठी वाचायला लावली. १२-०-१२, ५ अँपियर. "गुणाकार कर," म्हणाले. दोन्ही बाजू मिळून २४ व्होल्ट, गुणिले ५, म्हणजे १२० व्होल्ट-अँपियर. भिंतीतून आत येणारीच वीज एवढी. त्यातला मोठा भाग हीटसिंकवर उष्णता होऊन जातो. उरलं ते सहा स्पीकरांत वाटायचं. सगळे मिळून सलग ६०-७० वॅट निघाले तरी पुष्कळ. मग हे १००० आले कुठून? ते पीएमपीओ. क्षणाच्या एका तुकड्यापुरता जास्तीत जास्त किती झटका बसू शकेल, याचा कागदावरचा आकडा. तो मोजायची एक ठरलेली रीत नाही, म्हणून तो हवा तेवढा वाढवता येतो. आपल्याकडेच असं होतं असं नाही. अमेरिकेत वॅटचे आकडे इतके फुगले होते की तिथल्या व्यापार आयोगाला १९७४ साली ॲम्प्लिफायरच्या वॅटसाठी वेगळा नियम करावा लागला, आणि २०२४ मध्ये, बहुचॅनल सेट घरोघर झाल्यावर, तो पुन्हा दुरुस्त करावा लागला. कारण तेच. दोन चॅनल चालू ठेवून मोजलेले वॅट पाच चॅनल चालू असताना मिळत नाहीत, कारण सगळ्यांना पाजणारा ट्रान्सफॉर्मर एकच असतो.

मालकांना मी एवढंच सांगतो, की आरएमएस, म्हणजे सलग मिळणारे वॅट, लिहिलेला आकडा बघा, तो किती चॅनलवर मोजलाय ते बघा, आणि वॅटच्या फार मागे लागू नका. वॅट दुप्पट केले तर आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो. कानाला आवाज दुप्पट वाटायला वॅट जवळजवळ दहापट लागतात. बारा बाय पंधराच्या खोलीत बसून सिनेमा बघताना बहुतेक वेळ प्रत्येक स्पीकर एक-दोन वॅटवरच बोलत असतो. खरे ३० वॅट हाताशी असले की बंदुकीची गोळी आणि ढगांचा गडगडाट दोन्ही निभावतात.

पूर्वी लोक सेट हातात उचलून वजनावरून पारख करायचे. ती पारख त्या काळी बरोबर होती. जड म्हणजे तांब्याचा ट्रान्सफॉर्मर, मोठा हीटसिंक. हलका निघाला तर वाइंडिंग ॲल्युमिनियमचं असण्याची शक्यता, आणि ॲल्युमिनियमची तार तांब्यापेक्षा विजेला जास्त अडवते, म्हणजे जास्त तापते. आता मात्र तयार सेटमध्ये डी क्लासचा ॲम्प्लिफायर आणि मोबाइल चार्जरच्या जातीचा पॉवर सप्लाय असतो. तो हलका असतो आणि तापतही कमी. म्हणून धुळ्याचे माझे एक जुने गिऱ्हाईक नवा सेट हातात घेऊन "हा तर डब्बा आहे" म्हणाले, तेव्हा मी त्यांना थांबवलं. त्या सेटचे वॅट खरे होते आणि मे महिन्यात तो माझ्या जुन्या जोडणीच्या ॲम्प्लिफायरपेक्षा थंड राहिला. आपल्या हातची वस्तू असली तरी खरं ते सांगायला हवं.

आता ज्यासाठी हे लिहायला बसलो ती गोष्ट.

धरणगाव तालुक्यातले एक शेतकरी, मी त्यांना काका म्हणतो. २०२२ च्या हिवाळ्यात त्यांनी माझ्याकडून फाइव्ह पॉइंट वनचा सेट जोडून घेतला. ॲम्प्लिफायर मी जोडला, स्पीकरची खोकी सुताराकडून करून घेतली, सबवूफरला आठ इंची स्पीकर घातला. मीच जाऊन बसवून दिलं. ती मोठी नवी खोली होती, आणि तिचा मागचा अर्धा भाग कापसाने भरलेला होता, जमिनीपासून पार खिडकीच्या वरपर्यंत. आदल्या हंगामात कापसाला क्विंटलला दहा हजारांच्या वर भाव मिळाला होता. या वर्षी भाव उतरलेले, म्हणून खानदेशात घरोघर लोकांनी कापूस विकायचा थांबवून घरात साठवला होता. लेकराबाळांना अंगाला खाज सुटायची, तरी भाव वाढेल या आशेवर ढीग तसाच. मागचे दोन स्पीकर मी त्या ढिगाच्या दोन्ही बाजूंना भिंतीवर लावले आणि सेट चालू केला.

इतक्या वर्षांत मी शेकडो सेट बसवले असतील, पण तो आवाज माझ्या लक्षात राहिला. शब्द न् शब्द सुटा. पावसाचं दृश्य लागलं तर पाऊस खोलीत पडतोय असं वाटावं. काका, काकू, त्यांचा मुलगा, शेजारचे दोघे, सगळे गप्प. काकांनी मला चहा पाजला आणि म्हणाले, "भाऊ, पैसा वसूल." त्यांच्या सांगण्यावरून त्या एका गावातून माझ्याकडे आणखी तीन जण आले.

एप्रिलच्या शेवटी काकांचा फोन आला. आवाज बिघडलाय. कानाला टोचतो, बोलणं एकमेकांत मिसळतं, सबवूफर नुसता घुमतो. मी म्हटलं घेऊन या. मोटारसायकलवर मांडीत धरून त्यांच्या मुलाने ॲम्प्लिफायर आणला. मी टेबलावर लावला, सहाही चॅनल एकेक करून तपासले, व्होल्टेज पाहिलं, सिरीज बल्बवर टाकून पाहिला. काहीच दोष नाही. परत पाठवला. चार दिवसांनी पुन्हा तीच तक्रार, आणि या वेळी काकांच्या आवाजात नाराजी होती. ज्या तीन जणांनी त्यांच्या सांगण्यावरून सेट घेतला होता, त्यांनाही ते आता सांगत होते की माल टिकाऊ नाही. मला ते फार लागलं. मी दुकान बंद करून बसने निघालो.

खोलीचं दार उघडलं आणि दोष समोर उभा राहिला. खोली रिकामी होती. पांढऱ्या चकचकीत फरशा, गुळगुळीत प्लास्टर केलेल्या चारही भिंती, वर स्लॅब, चार प्लास्टिकच्या खुर्च्या. मी मध्ये उभा राहून एक टाळी वाजवली. टाळीच्या मागे भिंतींतून टर्रकन आवाज फिरला.

"काका, कापूस कुठाय?"

"विकला की. भाव काही वाढेना. किती दिवस ठेवणार?"

कापूस आवाज पितो. स्पीकरमधून निघालेला आवाज कानावर येतो तो एकदा सरळ येतो आणि मग भिंती, फरशी, छत यांच्यावर आपटून पुन्हा पुन्हा येतो. सरळ आलेला आवाज शब्द सांगतो, आपटून आलेला तो पुसत जातो. ढीग होता तोवर मागे गेलेला आवाज त्यात मुरत होता, आणि ढीग इतका जाड होता की खालचे सूरही त्यातून परत येत नव्हते. ढीग गेला आणि सहा स्पीकरांचा आवाज फरशीवर नाचायला लागला. ॲम्प्लिफायर तोच, स्पीकर तेच, आकडे तेच. डिसेंबरातलं आणि एप्रिलातलं मत मात्र पार उलटं, आणि दोन्ही मतं काकांनी प्रामाणिकपणे दिलेली.

मी काकूंकडे गोधड्या मागितल्या. दोन गोधड्या मागच्या भिंतीवर खिळ्यांना अडकवल्या, समोर फरशीवर सतरंजी टाकली, खिडकीला जाड चादर लावली, सबवूफर कोपऱ्यातून हातभर पुढे ओढला. मग सेट लावला. कापसाएवढं झालं नाही, तेवढं होणारही नव्हतं, पण शब्द परत आले. काका बराच वेळ ऐकत राहिले. मग एवढंच विचारलं, "या कायम ठेवाव्या लागतील का?" काकूंनी एक गोधडी थंडीत पांघरायला काढून घेतली आणि तिच्या जागी जुन्या साड्यांची एक नवी, जाड, खास भिंतीसाठी शिवली. ती अजून तिथेच आहे.

त्या दिवसापासून मी सेट बसवायच्या आधी टाळी वाजवून बघतो. आणि मला आमच्याकडच्या जुन्या धाब्याच्या घरांची किंमत कळली. मातीच्या दोन-दोन फुटी भिंती, वर लाकडी सर आणि मातीचं धाबं, सारवलेली जमीन. अशा घरात चार हजारांचा सेट जे ऐकवतो, ते नव्या बंगल्याच्या हॉलमध्ये चाळीस हजारांचा ऐकवत नाही. पारोळ्याच्या बाजूला अशी काही घरं अजून उभी आहेत. तिथे काम निघालं की मी मुद्दाम थोडा जास्त वेळ थांबतो.

दुसरी तक्रार, आणि ही सगळ्यात जास्त येणारी, धुळ्याच्या देवपुरातल्या एका आजींच्या तोंडून मी नीट ऐकली. नातवाने मोठ्या हौसेने तयार सेट आणला होता. मी गेलो तेव्हा घरातली पुरुषमंडळी सबवूफरचं कौतुक करत होती. आजी कोपऱ्यात बसल्या होत्या, त्यांना कुणी विचारलं नव्हतं. मी विचारलं तर म्हणाल्या, "जिभाऊ, आवाज ते भारी येस, पन काय बोलतस ते समजस नई."

सिनेमातलं जवळजवळ सगळं बोलणं मधल्या स्पीकरमधून येतं. फाइव्ह पॉइंट वनमधले पाच म्हणजे समोरचे तीन आणि मागचे दोन, आणि पॉइंट वन म्हणजे फक्त खालच्या गडगडाटाचा, साधारण १२० हर्ट्झच्या खालचा, वेगळा पट्टा. या घरात मधला स्पीकर शोकेसच्या खालच्या कप्प्यात, पितळी लक्ष्मीच्या मागे, लोकांच्या गुडघ्यांकडे तोंड करून बसवलेला होता. वयाबरोबर आधी उंच पट्टीचं ऐकू येणं कमी होतं, आणि क, त, स यांसारख्या व्यंजनांची ओळख त्याच पट्टीत असते. म्हणून आजींना आवाज यायचा, शब्द यायचे नाहीत. मी लक्ष्मी बाजूला ठेवायची परवानगी घेतली, स्पीकर कप्प्याच्या काठावर आणला, खाली पुठ्ठ्याची घडी घालून त्याचं तोंड वर केलं, सेटिंगमध्ये मधला चॅनल ३ डेसिबलने वाढवला आणि सबवूफर उतरवला. नातू थोडा हिरमुसला. संध्याकाळची मालिका लागली, आणि आजी म्हणाल्या, "आते समजस."

घरात ॲम्प्लिफायरबद्दल मत विचारायचं तर ते तिला विचारावं, जिला आवाज वाढवायचा-कमी करायचा रिमोट मिळत नाही. स्वयंपाकघरातून ऐकणाऱ्या बाईला विचारावं. त्यांनी सांगितलेल्या तक्रारी मी जेव्हा जेव्हा मनावर घेतल्या, तेव्हा तेव्हा सेट सगळ्यांसाठीच चांगला वाजला.

मागच्या दोन स्पीकरांबद्दल एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी, कारण इथे लोकांची फसगत होते. स्वस्त जोडणीच्या बोर्डवर सहा चॅनल असतात, पण सेटटॉप बॉक्सच्या लाल-पांढऱ्या पिनांतून येतात दोनच. मग बोर्ड काय करतो? तेच दोन मागे पाठवतो, दोन्हींची बेरीज मध्ये पाठवतो, खालचे सूर गाळून सबवूफरला देतो. सहा स्पीकर वाजतात, पण हेलिकॉप्टर मागून येत नाही. खरं फाइव्ह पॉइंट वन हवं तर आवाज ऑप्टिकल तारेने किंवा एचडीएमआय एआरसीने यायला हवा, सेटमध्ये डॉल्बी डिजिटलचा डीकोडर हवा, आणि टीव्हीच्या आवाजाच्या सेटिंगमध्ये पीसीएमऐवजी बिटस्ट्रीम निवडलेलं हवं. हे शेवटचं तर कित्येक घरांत राहून गेलेलं असतं. चांगला सेट घेऊन तीन-तीन वर्षं दोन चॅनल ऐकत बसलेली माणसं मी पाहिली आहेत. सेटिंग बदलल्यावर सोफ्याच्या मागून पाखरू उडालं तेव्हा एक गृहस्थ खरोखर वळून बघत होते.

या डॉल्बीचा आपल्या देशाशी धागा आहे, तो मला उस्तादांनी सांगितला होता आणि मी तो प्रत्येक शिकाऊ पोराला सांगतो. रे डॉल्बी १९६३ ते १९६५ युनेस्कोचे सल्लागार म्हणून भारतात होते, चंदीगडच्या वैज्ञानिक उपकरणांच्या केंद्रीय संस्थेत. १९६५ मध्ये इथून गेले आणि लंडनला स्वतःची प्रयोगशाळा काढली. डॉल्बी डिजिटलचा आवाज घेऊन पहिला सिनेमा आला १९९२ मध्ये, बॅटमन रिटर्न्स. आमच्या गावांत तोच आवाज तिसाएक वर्षांनी पंधरा हजारांच्या सेटमध्ये उतरला. ज्या पोराला सोल्डरिंगची कांडी धरता येते, त्याने हा इतिहास माहीत करून घ्यावा, असं मला मनापासून वाटतं.

बाकी बिघाड आमच्याकडे ठरलेले. जिनिंगच्या आसपासच्या घरांत कापसाची तूस पंख्याच्या जाळीत बसते, पंखा अडतो, आउटपुट जातं. पावसाळ्यात ऊब शोधत पाल आत शिरते आणि दोन रेल शॉर्ट करून स्वतःही मरते. एका स्पीकरची लाल-काळी वायर उलटी लागते आणि बेस गायब होतो. पेन्सिल सेल तारांना क्षणभर टेकवून कोन पुढे येतो की मागे जातो ते पाहिलं की उलगडा होतो. आणि लग्नसराई. घरच्या हॉलचा ॲम्प्लिफायर हळदीला अंगणात येतो, एकेका चॅनलला दोन-दोन जास्तीचे स्पीकर जोडले जातात, चार ओहमच्या दोघांचे मिळून दोन ओहम होतात, आणि रात्री अकराला आउटपुट ट्रान्झिस्टरची जोडी जाते. बावन्नशे आणि एकोणीसशे त्रेचाळीसची ही जोडी बाजारात नकलीही भरपूर मिळते, म्हणून मी बदलताना जुना तुकडा मालकाच्या हातात देतो आणि नवा कुठून आणला ते सांगतो. अशा सेटचा मालक पुढे लोकांना सांगतो की माल खराब निघाला. माझी विनंती असते की हळदीचंही सांगा.

माझ्या हातून झालेली एक चूक इथे लिहून ठेवतो. २०११ मध्ये एरंडोलच्या एका घरासाठी मी १८-०-१८ च्या ट्रान्सफॉर्मरवर २५ व्होल्टचे कंडेन्सर घातले. १८ ला १.४१४ ने गुणलं की २५ च्या वर जातं, हे मला येत होतं. ३५ व्होल्टचे संपले होते, मालकाला घाई होती, आणि मी "चालेल" म्हटलं. ते दिवस भारनियमनाचे. दीपनगरचं औष्णिक केंद्र आमच्याच जिल्ह्यात, तरी गावांत वीज तासाच्या हिशोबाने. रात्री शेतीचे पंप एकदम बंद झाले की व्होल्टेज २६० च्या वर चढायचं. अशाच एका रात्री कंडेन्सर फुटला. खोलीत लहान मूल झोपलेलं होतं. कुणाला इजा झाली नाही. मालक सकाळी सेट घेऊन आले, पैशांचं काही बोलले नाहीत, भांडले नाहीत. "पोरगं दचकलं रात्री," एवढंच म्हणाले. मी पैसे परत केले आणि नवा सेट जोडून दिला. तेव्हापासून त्या जागी माझ्याकडे ५० व्होल्टचाच कंडेन्सर लागतो, फ्यूजशिवाय आणि स्पीकर वाचवणाऱ्या रिलेशिवाय एकही सेट बाहेर जात नाही. चालू केल्यावर तीन-चार सेकंदांनी जो "टक" आवाज येतो, तो त्या रिलेचा. आउटपुट शॉर्ट झालं तर तो स्पीकरची जोडणी तोडतो आणि त्याची कॉइल जळू देत नाही.

जोडणीचा घ्यावा की कंपनीचा, यावर मी माझ्या धंद्याच्या विरोधात जाऊनही स्पष्ट बोलतो. ओटीटीवर सिनेमे बघायचे असतील, एचडीएमआय एआरसी असलेला नवा टीव्ही असेल, तर कंपनीचा तयार सेट घ्या. त्याचा डीकोडर खरा असतो. गाणी ऐकायची असतील, व्होल्टेजचा भरवसा नसेल, गाव आडबाजूला असेल, तर जोडणीचा घ्या. तो बिघडला तर पारोळ्यातला किंवा अमळनेरचा कुठलाही मेकॅनिक उघडून दोन-तीनशे रुपयांत उभा करतो. कंपनीच्या सेटचा बोर्ड गेला की वॉरंटीनंतर बहुतेक वेळा पूर्ण बोर्डच बदलावा लागतो, आणि तो मिळेलच असं नाही. २००९ मध्ये पारोळ्याच्या एका शिंपीदादांना दिलेला माझा एक सेट आजही रोज सकाळी आकाशवाणी जळगाव लावतो. दोनदा कंडेन्सर बदलले, एकदा व्हॉल्यूमचा पॉट. त्यांना कुणी मत विचारलं नाही, आणि त्यांनीही कुणाला सांगितलेलं नाही.

यंदा घेणार असाल तर दिवाळीपर्यंत थांबू नका. मे महिन्यात, भर दुपारी, ज्याच्याकडे सेट आहे त्याच्या घरी जा. तासभर वाजू द्या, मग झाकणावर तळहात ठेवा. तो टेकवून ठेवता आला नाही तर दुसरा सेट बघा. घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचारा की बोलणं समजतं का. मागे कोणत्या मेकॅनिककडे नेला होता आणि किती दिवसांत परत मिळाला, तेही विचारा. मग आपल्या घरी येऊन खोलीच्या मध्यभागी एक टाळी वाजवा. आणि पैसे कमी पडत असतील, तर ॲम्प्लिफायर आणि समोरचे तीन स्पीकर चांगले घ्या. मागचे दोन पुढच्या कापसावर घेता येतील.